घासलेले दगड

बाळांनो, आमच्या तळ्यावर गेल्या वर्षी पुण्याच्या कॉलेजातली एक मुलगी आली होती. गावाचा नळ याच तळ्यावर चालतो. पाणी उन्हाळ्यापासून हिरवट येत होतं, म्हणून ती तपासायला आली. तिच्या पिशवीत बाटल्या होत्या आणि एक टूथब्रश. तो पाहून मला पहिल्यांदा तिचाच संशय आला. तळं तपासायला ब्रश कशाला?

तिने नीट समजावलं. पाण्यातल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. त्यात डायटम नावाचं शेवाळ असतं, इतकं बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावं. त्याच्या काही जाती स्वच्छ पाण्यात वाढतात, काही खत नि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात. बाटलीतलं पाणी आजचं सांगतं. दगडावरचा थर मागच्या काही आठवड्यांचं सांगतो.

मला पटलं. तिला घेऊन घाटावर गेले, तर सगळे दगड लख्ख! धुण्याचे, पायरीचे, पाण्याखालचेसुद्धा. थराचा मागमूस नाही.

"आजी, हे कुणी घासलं?" तिने विचारलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

शेवटी माझी शेजारीण बोलली. बायकांचा बचत गट तीच चालवते. "आमीच घासलं, काकू. पुण्याची पावणी येनार, तिला काय शेवाळावर बसवायची? काथ्या घेऊन समद्या लागलो व्हतो."

पाहुणा येणार म्हणून अंगण सारवतात, तसं यांनी तळं घासलं होतं. मुलगी हसली. मी हसले नाही. आदल्याच दिवशी नळावर मी याच बायकांना बोलताना ऐकलं होतं: हिनं पाणी वाईट म्हटलं की नळ बंद, आणि पुन्हा रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे. तेव्हा हे आदरातिथ्य की पुरावा पुसणं?

थर पुन्हा धरायला महिना लागेल, असं मुलगी म्हणाली. तिने कोपऱ्यातल्या, पाण्यात अर्धवट बुडालेल्या काही दगडांच्या पाण्याबाहेरच्या काठावर चुन्याची फुली मारली आणि त्यांना हात लावू नका म्हणून सांगून गेली.

मी सकाळच्या फिरण्याची वाट बदलली. रोज तळ्यावरून जायचं आणि फुल्या पाहायच्या. शेजारीणही रोज तिथेच दिसायची. मनात म्हटलं, सापडली.

एके सकाळी मी झाडाआड थांबले. एक बाई फुलीच्या दगडावर गोधडी आपटायला गेली, तशी शेजारीण ओरडली, "ए बये, तो पुण्याचा दगड हाय! तिकडं मर!"

मी पुढे झाले. "तू राखण करतेस होय? मला वाटलं…"

"ठावं हाय काय वाटलं ते. रोज चोरून बघताय, दिसतंय की." मग आवाज खाली आणून म्हणाली, "नळ जाईल म्हणून घासलं व्हतं, खोटं कशाला बोलू? पर आता लेक बाळंतपणाला आलीया. ती बी हेच पाणी पितीया. कसलंय ते कळाया नको?"

मुलगी महिन्याने आली. ब्रशने थर काढताना बाटली शेजारणीनेच धरली. पुढे निकाल आला: थरात खत आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातल्याच जाती जास्त. नळ बंद झाला नाही, पण पाणी फक्त वापरायला, पिण्यासाठी विहीर.

दुसऱ्या दिवशी शेजारीण डोक्यावर हंडा घेऊन माझ्या दारावरून गेली. "लई लांब हाय वो विहीर," म्हणाली, पण थांबली नाही. लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

मी अजून तळ्यावरूनच फिरायला जाते. वरच्या काठाला टोमॅटोवाले फवारणीचे पंप धुतात, असा माझा संशय आहे. मी दिसले की ते पंप मागे सारतात आणि वाकून उगीच पाय धुवायला लागतात.