इर लागलेले शब्द

फिनाईलचा वास आला ना, का मले सदरमधला डोळ्यांचा दवाखानाच आठवते! दहावीत होती मी, इंग्रजी शब्द पाठ करून राहिली होती. बाबा कोराडीची बस चालवत, अन् बस धुता धुता मले विचारत, "इर लागला का अर्थ उलटा होते ना वं? मंग, इररेग्युलर?" "अनियमित!" त्याच वर्षी बाबांले कमी दिसू लागलं, अन् त्या दवाखान्यात डॉक्टर त्याईचे डोळे तपासून म्हणाले, "इररिव्हर्सिबल." म्हणजे गेलेली नजर परत येत नाही. मी बाबांकडं पाह्यलं. त्याईले समजलं होतं. बाहेर आईनं मले घाबरून विचारलं, "काय म्हणे वं डॉक्टर?" माझ्या आधी बाबाच बोलले, "वेळ लागन म्हणे." आता बाबांचा हात धरून मीच त्याईले सगळीकडं नेते, अन् आई अजूनही विचारते, "आणखी किती वेळ लागन वं?"