सगळ्यांना उठवणारा एकच कशाला?

मीरा आणि चिन्नू, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी चिन्नतात्तांची नक्कल केली आणि तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, तुमच्याकडे नुसती नक्कलच राहायला नको. म्हणून हे लिहिते. देवनागरी अडली तर आईकडून वाचून घ्या.

तुमच्या आजोबांच्या या धाकट्या भावाइतका हट्टी माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. ते पापनाशमला आगगाडीने जातात आणि बसने परततात. का, तर दोन्ही चालू राहायला हवेत. साबण दर महिन्याला बदलतात. "एकाचीच सवय लागली की तो शेफारतो, वहिनी." कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर हाच हट्ट त्यांनी संगणकावर नेला. त्यांच्या पुढच्या खोलीतल्या यंत्रात आपल्या तंजावुरी मराठीचे शब्द आहेत, घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या आवाजात. कोणीही फोनवरून ऐकावेत.

यंत्र सुरू झालं की एक प्रोग्राम आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवून कामाला लावतो. संगणक चालवणारी लिनक्स नावाची मोफत प्रणाली वेगवेगळे गट आपापल्या परीने बनवतात. तिच्यात असे उठवणारे पूर्वी बरेच होते. आता बहुतेक ठिकाणी एकच उरला आहे; चिन्नतात्तांच्या यंत्रात मात्र अजून दुसराच आहे. तो वाईट आहे असं चिन्नतात्ता कधीच म्हणत नाहीत. "गुणी सूनच म्हणा हो. पण आधी दिवा लावायची, मग घड्याळाला किल्ली द्यायला लागली, मग दाराच्या चाव्या घेतल्या, आता घराची रोजनिशीही तीच लिहिते. उद्या रुसली तर?"

मी म्हटलं, "भावोजी, या घरात मी पन्नास वर्षं हेच केलं. तेव्हा कोणी पर्याय शोधला नाही!"

त्या दिवशी कॉफीचा पेला त्यांनी स्वतः विसळला.

एकदा दुरुस्तीसाठी यंत्र बंद ठेवून त्यांनी दारावर तमिळमध्ये पाटी लावली: 'सेवै चार वाजता सुरू होईल.' तमिळमध्ये सेवाही सेवै आणि तांदळाच्या शेवयाही सेवै. चार वाजता गल्लीतल्या पाच बायका डबे घेऊन हजर! एकीने विचारलं, "लिंबाची की नारळाची?" चिन्नतात्ता म्हणाले, "आवाजाची." शेवटी शेवया मलाच कराव्या लागल्या.

मग गेल्या वर्षी त्यांचं लिनक्स बनवणाऱ्या छोट्या गटाने कळवलं, माणसं थकली आहेत, बंद करावं म्हणतो. त्यातच आवाज ऐकवणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती त्या बड्या उठवणाऱ्याशिवाय चालेना. तुमचे बाबा फोनवर आपल्या या काकांना म्हणाले, "चित्तप्पा, वीस मिनिटांचं काम आहे. सगळे तेच वापरतात."

"म्हणूनच कोणीतरी वापरू नये."

"आणि तुमचे शब्द अडकले तर?"

दोन दिवस ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गटाला इंग्रजीत पत्र लिहिलं: मी शहात्तर वर्षांचा आहे, सावकाश शिकतो, एक भाग माझ्यावर सोपवा, पण मी शरण जाणार नाही. पत्र तपासायला माझ्याकडे आलं. शेवटचं वाक्य मी जरा मवाळ केलं. त्यांनी ते जसंच्या तसं परत घातलं.

गटाने आवाजाचा भाग त्यांना दिला; तो त्या बड्या उठवणाऱ्याशिवाय चालता करायला चार महिने लागले. माझं भिंग त्यांच्या टेबलावरच मुक्कामाला होतं. मग एका सकाळी त्यांनी हाक मारली, "वहिनी, या!" यंत्रातून माझ्या सासूबाई बोलल्या, आंबटभाजीत काय काय घालायचं ते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आम्ही दोघं उभ्यानेच ऐकत राहिलो.

आता त्यांचे डोळे लवकर थकतात. गटात चारच माणसं आहेत, त्यातले एक चिन्नतात्ता. त्यांच्या लिनक्सच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात.