मणक्याचा पट्टा आणि नऊ एमएम

टक.

इलॅस्टिकच्या पट्ट्यात खोचलेल्या पिस्तुलाच्या ट्रिगरवर शेखमामांनी बाहेरून, कापडावरूनच अंगठा दाबला, आणि हा आवाज आला. पिस्तूल रिकामं होतं. गोळ्यांचं मॅगझिन त्यांनी आधीच काढून टेबलावर ठेवलं होतं आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, मला दोनदा उघडून दाखवली होती.

"मॅडम, हा आवाज तुमच्या कमरेवर झाला असता," ते म्हणाले.

"मी चेंबर रिकामं ठेवणार आहे, मामा."

"आत्ता ठेवाल. घाईत एकदा भरलं आणि तसंच परत खोचलं तर?"

तो पट्टा मी ऑनलाइन मागवला होता, सहाशे रुपयांत. चारशे लोकांनी त्याला चांगला म्हटलं होतं. त्यातल्या एकानंही कापडावरून अंगठा दाबून बघितला नसावा.

मी पोलीस उपनिरीक्षक आहे. गाव पुसेगाव. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. शेखमामा हिंगोलीच्या मुख्यालयातले आरमोरर. आरमोरर म्हणजे हत्यारं सांभाळणारा, दुरुस्त करणारा माणूस. रिटायरमेंटला आलेले. सगळे अधिकारी त्यांना मामा म्हणतात आणि ते सगळ्यांना घालूनपाडून बोलतात.

होल्स्टर शोधायची वेळ का आली, ते सांगते. होल्स्टर म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायचं घर. गणवेशावर जाड पट्ट्याला लटकवलेलं असतं ते तुम्ही पाहिलं असेल. मला हवं होतं ते न दिसणारं. तेही साडीतलं.

डोंगरकड्याच्या बाजूच्या एका गावात रेखा नावाची अंगणवाडी सेविका होती. गावातल्या एका मारहाणीची ती साक्षीदार. माणूस कायमचा अधू झाला होता, आणि बघणारे बाकी सगळे एकेक करून "आमी तवा रानात व्हतो" म्हणायला लागले होते. रेखा तेवढी उरली. सोमवारी तिची साक्ष. आदल्या दिवशी, रविवारी, तिच्या घरी जावेच्या लेकराचं बारसं. बारशाला सगळं गाव येणार, त्यात आरोपीची माणसंही येणार. एकाच गावात राहून नको कुणाला म्हणायचं?

साहेबांनी तिला संरक्षण देऊ केलं. तिनं एकच अट घातली. घरात पोलीस दिसता कामा नये. नवरा पुण्याला कंपनीत. घर सासूच्या हातात. सासूला कळलं की पोलीस दारात आले, तर ती साक्षीला जाऊच देणार नाही, असं रेखाचं म्हणणं.

"तुम्ही तिची कॉलेजची मैत्रीण म्हणून जा," साहेब मला म्हणाले. "बारशाला. मुक्काम करा आणि सोमवारी तिला घेऊन या."

"आणि हत्यार, सर?"

"पर्समध्ये टाका."

साहेब हुशार आहेत, पण बारशाला बायांमध्ये कधी बसलेले नाहीत. दारात पाय ठेवला की कुणीतरी पर्स हातातून घेतं, "द्या, आत ठेवते" म्हणतं. आतल्या पलंगावर पंधरा पर्सेसचा ढीग असतो, आणि लहान पोरं त्यात बिस्किटं शोधत असतात. मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." खात्यात याचा अर्थ असा की तुमच्या पैशानं, तुमच्या जबाबदारीवर.

महागाचं चामड्याचं होल्स्टर मला परवडण्यासारखं नव्हतं. आणि ते सगळं पॅन्ट घालणाऱ्या माणसासाठी बनवलेलं. पॅन्टला पट्टा असतो, पट्ट्याला क्लिप लागते. परकराला नाडी असते. नाडीवर पाऊण किलोचं नऊ एमएम पिस्तूल लटकवलं तर काय होईल, हे कुठल्याही बाईला सांगायची गरज नाही.

इलॅस्टिकचा पट्टा मामांनी बाद केल्यावर मी दुसरं मागवलं. कडक प्लास्टिकचं, स्वस्तातलं, पिस्तुलाच्या आकाराचं. हे मामांना पटलं. त्यांनी बाहेरून जोर लावून दाबलं, ट्रिगर हलला नाही. रिकामं पिस्तूल आत घालून ते गादीवर उलटं धरलं, झटकलं, पडलं नाही.

"घर बराबर आहे," ते म्हणाले. "आता याला अंगण पाहिजे."

म्हणजे कंबरेला घट्ट बसेल असं काहीतरी. ते मला मेडिकलच्या दुकानात सापडलं. कंबरदुखीचा रुंद पट्टा, डॉक्टर मणक्यासाठी देतात तो. मऊ, रुंद, वेल्क्रोनं आवळायचा. एसटी स्टँडजवळ बॅगा शिवणारा एक जण बसतो. प्लास्टिकच्या घराची क्लिप काढून मी ते आणि पट्टा त्याच्याकडं नेलं. पिस्तूल अर्थातच नेलं नाही. कशाचं कव्हर आहे, त्यानं विचारलं. मोबाईलचं, मी म्हणाले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि प्लास्टिकला भोकं पाडून नायलॉनच्या दोऱ्यानं चारी बाजूंनी शिवून दिलं.

मुख्यालयात मी ते साडीखाली बांधून आले. साडीत डावी कंबर उघडी राहते, उजवी पदराखाली जाते. म्हणून उजवीकडं. मामांनी चारी बाजूंनी बघितलं. काही दिसत नव्हतं.

"खाली बसा."

मी खुर्ची ओढली.

"खुर्चीवर न्हाई. खाली. मांडी घालून. बारशाला तुम्हाला खुर्ची कोण देणार?"

मी फरशीवर मांडी घातली. पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसली आणि पदर तंबूसारखा वर आला. मामा हसले नाहीत, पण हसू आवरताना त्यांच्या मिश्या हलल्या. घर चार बोटं मागं सरकवून परत शिवून आणलं. मग बसता यायला लागलं, वाकता यायला लागलं. डाव्या हातानं पदर वर, उजव्या हातानं मूठ. हे मी मामांसमोर दिवसभर करत राहिले, रिकाम्या पिस्तुलानं, हात दुखेपर्यंत.

मला वाटलं, झालं. मी क्वार्टरवर गेले. हत्यार जमा केलेलं होतं, पण सवय व्हावी म्हणून मामांनी दिलेली लाकडाची डमी पट्ट्यात होती. आई भाकरी करत होती. माझ्या हातात ताट देताना तिनं दुसरा हात नेहमीसारखा माझ्या कंबरेला लावला आणि तिथंच थांबली.

"पोटाला काय बांधलंस गं?"

मला तिथंच कळलं की आम्ही सगळे चुकत होतो. मी, साहेब, मामा, आम्ही डोळ्यांचा विचार करत होतो. बारशात कुणी बघत बसत नाही. बाया हात लावतात. कंबरेला धरून ओढतात, मिठी मारतात, फुगडीला उभं करतात, न विचारता लेकरू मांडीवर देतात.

आईला मी कामाचं फार सांगत नाही. एवढंच सांगितलं की कंबरेला एक वस्तू आहे आणि ती बायांना कळू द्यायची नाही.

आई शाळेत गेलेली नाही. तिनं पट्टा उलटासुलटा करून बघितला. "हा तर कंबर धरल्यावरचा पट्टा हाय. मग तेच सांग की. कंबर धरली म्हणावं. मग कोन तुला ओढतंय, आन कोन तुझ्याकडं लेकरू देतंय?"

मी एवढा विचार करून पट्टा त्यासाठी घेतला होता का? नाही. रुंद होता म्हणून घेतला होता. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या आईला आमच्या डिपार्टमेंटला पाठवा."

रविवारी सकाळी मी रेखाच्या घरी पोचले. साडी, हातात झबलं-टोपडं, पट्ट्यात पिस्तूल, त्यात भरलेलं मॅगझिन, चेंबर रिकामं. रेखा तीस-बत्तीसची, डोळे खोल गेलेले. तिची सासू कौसाबाई, बुटकी, आवाज मोठा. शेळ्या-मेंढ्यांत आयुष्य गेलेली बाई. तिनं मला उंबऱ्यातच दोन्ही हातांनी कंबरेला धरलं, आणि तिचा डावा तळहात नेमका त्या घरावर पडला.

"हे काय गं माय?"

"कंबर धरलीय, मावशी. मणक्यात गॅप आहे. डॉक्टरनं पट्टा दिलाय."

तिनं हात लगेच काढला नाही. मग म्हणाली, "मलाबी दिलाय तसला. ट्रंकेत पडून हाय. लई गरम व्हतंय त्यानं."

रेखानं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

त्यानंतर मला काहीच करावं लागलं नाही. कौसाबाईनं मला भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं, उजवी बाजू भिंतीला लावून. पाठीला आधार पाहिजे तुला, म्हणाली. बाळ हातोहात फिरत माझ्याजवळ आलं तेव्हा तिनं ते वरच्यावर उचललं. "तिच्याकडं नगं. तिला तकलीफ हाय." फुगडीला पोरी ओढायला आल्या, त्यांनाही तिनं हाकललं. मी मनात आईचे आभार मानत होते.

जेवणं चालू असताना आरोपीचा चुलता आला. हातात भेटीचं पाकीट, मागं दोन माणसं. पाकीट पाळण्यात टाकून तो सरळ स्वयंपाकघराकडं वळला. रेखा तिथं एकटी वाढणं काढत होती. मी भिंतीला धरून उठले. डावा हात पदराखाली गेला. मधे पाच पावलं होती आणि पाच पावलांत अकरा बाया आणि सहा लेकरं. हत्यार बाहेर काढणं हा त्या खोलीत उपाय नव्हता, हे मला उभं राहिल्यावर कळलं. मी नुसती चालत त्याच्या आणि दाराच्या मधे जायला निघाले.

कौसाबाई माझ्या आधी पोचली. हातात वरणाची बादली होती.

"बायांत काहून येऊन राहिला रे बाबा? भायेर बस. ताट भायेर येईल."

"वहिनीला एक शब्द बोलायचा होता."

"माझ्याशी बोल. म्या पन बाईच हाय."

तो बादलीकडं बघत उभा राहिला. सगळ्या बायांचे हात ताटात थांबले होते. मग तो हसला आणि बाहेर गेला. जेवला, पान खाल्लं, निघून गेला.

रेखा त्या दिवशी माझ्याशेजारी बसून पोटभर जेवली.

सोमवारी कौसाबाई म्हणाली, मीबी येते. नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. कोर्टात गणवेशातली माणसं उभी होती, त्यांच्या ताब्यात रेखाला दिलं आणि माझी ड्युटी गेटपाशी संपली. आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. रेखा दीड तासानं बाहेर आली. चेहरा उतरलेला, पण चाल सरळ. जे पाहिलं ते सगळं सांगितलं, म्हणाली, आणि नळावर पाणी प्यायला गेली.

कौसाबाई तिच्याकडं बघत होती. मला म्हणाली, "आता सोड ते. घामानं भिजली असशील."

"काय, मावशी?"

"पट्टा. माझ्या पट्ट्याला पाठीत लोखंडाच्या कांड्या हायेत, मणक्यावर. तुझी पाठ मऊ, आन कंबर एकाच बाजूनं कडक. मणका काय उजव्या अंगाला असतोय व्हय?"

मी विचारलं, "मग त्याच वेळी का नाही बोललात?"

"काहून बोलू? गावाला कळलं असतं तर मलाच म्हनावं लागलं असतं, साक्ष नगं म्हनून. जाऊ-दीर, भावकी, सगळे माझ्यावरच आले असते. कळलंच न्हाई कुनाला, मग म्या काय म्हनू?" तिनं लुगड्याचा पदर सारखा केला. "पोरगी चार दिसांनी जेवली काल."

मग ती उठली आणि रेखाच्या मागं नळाकडं गेली. रेखाला यातलं तिनं काही सांगितलं नाही. मीही नाही.

हत्यार जमा करायला मी मुख्यालयात गेले तेव्हा मामांना हे सांगितलं. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटा केला. मग एवढंच म्हणाले की तुम्ही, मी आणि तुमची आई, आपण तिघांनी पट्टा हाताळला, आणि पाठीत कांड्या नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो पट्टा मी अजून वापरते. त्याच बॅगवाल्याकडून पाठीत चार कांड्या शिवून घेतल्या आहेत, मणक्यावर बराबर. नव्या मुली विचारतात, साडीत वापरायला स्वस्तातलं होल्स्टर कुठलं घ्यावं. मी सांगते की ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक घर घ्या, मांडी घालून बसून बघा, आणि हाताला लागलं तर काय सांगायचं ते आधी ठरवा. आणि घालून झालं की एकदा तुमच्या ओळखीतल्या कंबर धरलेल्या म्हातारीला दाखवा. आमच्याकडं ते टेस्टिंग झालं नव्हतं. कौसाबाईनं सांभाळून घेतलं म्हणून निभावलं.