माझ्याच लग्नाला माझा आक्षेप

मी सात वर्षांची असताना अप्पांना टीबी झाला. अप्पा शिंपी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ओसरीवर मशीन मांडून ते ब्लाउज शिवायचे. खोकणाऱ्या शिंप्याकडे कोणी कापड टाकत नाही. सहा महिन्यांत आईच्या पाटल्या गेल्या, मग पितळेचा हंडा, शेवटी मशीन. दिवसातून एकदा पेज. रविवारी पेजेबरोबर लोणचं.

गल्लीतली घरं आमच्यासारखीच मराठी बोलणारी, निम्मी नात्यातली. ते लोक दारात उभे राहून आमच्या तंजावरी बोलीत विचारायचे, "बरं अहे की?" आणि उत्तर ऐकायच्या आत वळायचे. घरात आली ती एकच बाई, चर्चच्या पाळकांची बायको. पाळकांना आमच्याकडे अय्यर म्हणतात. ब्राह्मण अय्यरांशी त्यांचा संबंध नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले आहे. त्या बाईने अप्पांचं थुंकायचं भांडं स्वतःच्या हाताने धुतलं, आणि आठवडाभर रोज येऊन धुतलं. अप्पा बरे होऊन जुनं मशीन घेऊन परत शिवायला बसले, तेव्हा आईने सगळ्यांचा बाप्तिस्मा ठरवला. ज्या देवाची माणसं भांडं धुतात तो देव चालेल, एवढाच तिचा धर्माचा अभ्यास.

नातेवाइकांनी बोलावणं बंद केलं. आधी बारशाला, मग लग्नांना, शेवटी तेराव्यालासुद्धा. उरलं ते चर्च. तिथे सगळं तमिळमध्ये, मराठी फक्त घरात. देवनागरी मी मराठी बायबलवरून शिकले. हे मराठीत लिहिते आहे, कारण तमिळमध्ये लिहिलं तर सगळं चर्च वाचेल.

चर्चच्या वसतिगृहात राहून मी बी.एस्सी. केलं. फिजिक्स, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी आठवीच्या पुढे गेलेलं नाही. हे मी सांगते कारण मला सांगायला आवडतं.

कॉलेजात आणखी एक गोष्ट कळली. मला मुली आवडतात. वर्गातली एक मुलगी आवडली, तिलाही मी आवडले. ते दोन वर्षं चाललं. मग तिचं लग्न ठरलं आणि ती कोइम्बतूरला गेली. तिच्या लग्नात मी गायले. गाणं चांगलं झालं, सगळे म्हणाले.

याबद्दल मी देवाला बरंच विचारलं. हो असं उत्तर आलं नाही, नाही असंही आलं नाही. दर रविवारी मी बाकावर बसायचे आणि ऊठ इथून असं मला देवाने कधी म्हटलं नाही. लोक म्हणतील का, ते विचारलंच नव्हतं.

पुढे तंजावूरजवळ तिरुवैयारुच्या एका शाळेत मला नोकरी लागली. सत्ताविसाव्या वर्षी स्थळ आलं. मुलगा कुंभकोणमचा, वीजखात्यात. "पीत नाही, कॉयरमध्ये गातो," आई म्हणाली. "आणखी काय पाहिजे तुज?" मी हो म्हटलं. आई-अप्पांचा एक गोतावळा देवापायी गेला होता. दुसरा माझ्यापायी जाऊ नये, एवढाच हिशोब होता.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. त्याला ओलै म्हणतात. शेवटी अय्यर विचारतात, या लग्नाला कोणाचा आक्षेप असेल तर त्याने कळवावं. तेव्हा सगळे पंख्यांकडे बघतात. पहिल्या रविवारी मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि तो प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकला. मी फिजिक्सची. प्रश्न आला आणि उत्तर येत असलं की मला गप्प बसवत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर अय्यरांकडे गेले. हे नवे अय्यर, वयाने पन्नाशीचे, अक्षर सुंदर.

"आक्षेप नोंदवायचाय," मी म्हटलं.

त्यांनी वही काढली. "कोणाच्या लग्नाला?"

"माझ्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं, मग परत उचललं. "कारण?"

"मला बायका आवडतात. पुरुषाला देवासमोर शब्द दिला तर तो खोटा होईल."

ते म्हणाले, "शास्त्र याविषयी काय सांगतं, ठाऊक आहे ना?"

"महिन्यातून एकदा तेच शास्त्र मी चर्चमध्ये वाचून दाखवते, अय्या."

"मी याला आशीर्वाद देऊ शकणार नाही."

"मागितला कुठे? फक्त हे लग्न लावू नका."

"खोटी शपथ मी घेऊ देणार नाही," ते म्हणाले आणि लिहू लागले. एका रकान्याशी थांबले. "आक्षेप घेणाऱ्याचं वधूशी नातं?"

"स्वतः."

त्यांनी तसंच लिहिलं.

मला वाटलं होतं, काम झालं. दुसऱ्या रविवारी त्यांनी नियमाप्रमाणे जाहीर केलं की या लग्नाला आक्षेप आला आहे, चौकशी होईपर्यंत ओलै थांबवली आहे. कोणाचा ते सांगितलं नाही. संशय आमच्या कॉयरमधल्या एका गरीब माणसावर गेला, कारण त्याने एकदा मला छत्री दिली होती. चर्चबाहेर एका बाईने माझा हात दाबला. "मेला जळतोय कोणीतरी. तू धीर सोडू नको."

त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत आई मोठ्याने म्हणाली, "प्रभू, ज्या हाताने माझ्या लेकीचं लग्न मोडलं, तो हात वाळून जाऊ दे. आमेन."

अप्पा आमेन म्हणाले. मी म्हटलं नाही.

"आमेन म्हण," आई म्हणाली.

"नाही म्हणत."

"का गे?"

"तो हात माझा अहे."

मग सगळं सांगितलं. अप्पांनी मधे एकच विचारलं, "बाईचा बाईशी संसार होतो?" होतो, मी म्हटलं. "चर्चमध्ये?" नाही, म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी ते माप चुकलेलं कापड बघून हलवतात. आई रडली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि परत डोळे मिटले. "प्रभू, मघाचं ऐकू नको. हातास काही करू नको. शाळेत फळ्यावर लिहायचं असतं तिला." यावर तिघंही आमेन म्हणालो.

पुढच्या शनिवारी अप्पांना घेऊन मी कुंभकोणमला गेले आणि त्या मुलाची माफी मागितली. त्याने विचारलं, "दुसरा कोणी आहे?"

"दुसरी होती."

"बरं," तो म्हणाला. "पत्रिका छापून झाल्यात." थोड्या वेळाने म्हणाला, "तिसऱ्या रविवारपर्यंत थांबला नाहीत, हे एक बरं केलंत." त्याच्या आईने आम्हाला कॉफी दिली नाही. तिची चूक नव्हती.

मग चर्चच्या कमिटीने मला बोलावलं. पाच जण. मी बरी झाले असं लिहून द्यावं, म्हणजे विषय संपेल, असं त्यांचं म्हणणं.

"टीबी अप्पांना होता," मी म्हटलं. "मी कधी आजारी नव्हते."

त्यांनी माझं प्रभुभोजन बंद केलं. रविवारी सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला वेदीपुढे जायचे, मी बाकावर. पहिल्याच रविवारी आईपण बसून राहिली. "तुज नाही तर मज कशाला?" अप्पा मात्र गेले. घरातलं कोणीतरी जायला हवं, म्हणाले. बायका आईशी बोलेनाशा झाल्या. मग त्यांतल्या दोघी बोलू लागल्या, एक ब्लाउज शिवायला देऊन गेली. असे आठ महिने गेले.

नवव्या महिन्यात अय्यर आमच्या घरी आले.

"पश्चात्ताप केलास?"

"केला."

"कशाचा?"

"मनात नसताना हो म्हटल्याचा. त्या मुलाचं नाव माझ्या नावाबरोबर वाचू दिल्याचा."

"आणि दुसऱ्या गोष्टीचा?"

"तिचा नाही. ते पाप आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटतं, ते ठाऊक आहे."

आईने कॉफी आणली. त्यांनी ती तमिळ पद्धतीने ओठ न लावता प्यायली आणि पेला खाली ठेवला. "मी प्रत्येकाला दोनदा विचारायला लागलो तर भाकर उरेल," ते म्हणाले. "रविवारी ये. कमिटीचं मी बघतो."

कमिटीत माझ्या बाजूने तीन, विरुद्ध दोन झालं.

त्याला दोन वर्षं झाली. मी आणि आई वेदीपुढे जातो, प्रभुभोजन घेतो. मी लग्न केलेलं नाही, काही लिहून दिलेलं नाही, आणि मी त्या चर्चची सभासद आहे.