मुतखड्याच्या स्कॅनमध्ये मॅडमना दिसलं ते

माझ्या दरवर्षीच्या स्कॅनची वेळ ठरवायला मी गोंदियाच्या सेंटरवर फोन केला. तिथला तंत्रज्ञ म्हणाला, "दीदी, मॅडम नहीं रहीं... परसों हार्ट अटॅक आया." मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. वर्गात पोरांचा गोंधळ चालला होता, पण त्यांना गप्प करायचंही मला सुचलं नाही. त्याला आता महिना होत आला.

सुजाता मॅडम रेडिओलॉजिस्ट. काही वर्षांपूर्वी कमरेत कळा येत होत्या म्हणून तिरोड्याच्या डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे सीटी स्कॅनला पाठवलं होतं. मुतखडा निघाला, लहानसाच. पण नुसता रिपोर्ट न देता मॅडमनी मला आत बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "बाई, खडा पडून जाईल. पण मोठ्या आतड्याची भिंत इथं जाड दिसून राहिली. गाठ असू शकते. नागपूरला जाऊन दुर्बिणीनं तपासून घ्या."

"पण मॅडम, पोट तर दुखत नाही."

"दुखाची वाट कायले पाहता?"

घरी मुलीचं लग्न ठरलं होतं. मी कोणालाच काही बोलले नाही. गाठ हा शब्द घरात काढायचीच भीती वाटत होती. मॅडमचे फोन यायचे, मी उचलत नसे. मग एका रविवारी बोदलकसा तलावाजवळच्या आमच्या घरापुढे त्यांची गाडी येऊन थांबली. "तलाव पाहायला आली होती, म्हटलं बाईकडे चहा घेऊ." यांनी खुर्ची दिली. मी चहा ठेवायला आत गेले, तशा मॅडम मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊंना तुम्ही सांगता, का मी सांगू?"

मीच सांगितलं, रडत रडत. यांनी एवढंच म्हटलं, "उद्याच निघू."

गाठ कॅन्सरचीच होती, पण आतड्याबाहेर पसरली नव्हती. ऑपरेशन झालं. लग्न थोडं पुढे ढकललं, पण मांडवात मी माझ्या पायांवर उभी होते. आज नातू मांडीवर खेळतो...

पुढे एकदा मी मॅडमना विचारलं, "एवढ्या पेशंटमधून तुम्ही माझ्याच घरी काऊन आल्या?" त्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, तुम्ही जाणार नाही. माझी आई अशीच होती. रक्त जात होतं, ती मूळव्याध म्हणत राहिली. लाजेपायी डॉक्टरले सांगितलंच नाही."

म्हणूनच की काय, समोर आलेल्या कुठल्याही बाईला त्या सरळ विचारायच्या, "संडासातून रक्त जाते का?" बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. मॅडम हसत नसत. उत्तर येईपर्यंत थांबायच्या.

परवा शेजारची गीता मुळव्याधीवर काही घरगुती औषध आहे का, असं विचारत आली. माझ्या तोंडून तोच प्रश्न गेला. ती हसली. मी थांबले. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं.

"जाते, बाई... बरेच दिवस झाले."

मी शाळेत रजा कळवली आणि गीताला म्हटलं, "चाल, चप्पल घाल. आत्ताच्या बसने दवाखान्यात जाऊ."