यादीत न बसलेली नावं

त्या दिवशी मलकपेठच्या घरात मी व्हते, खाटंवर माझी धाकटी बहीन, कंपुटरपुढं माझा लेक आनि त्याच्या मागं उभी सून, पुन्याची. दोघंबी आयटीत. अजून कुनी न्हवतं.

बहिनीला लकवा मारलाय. समजतं समदं, बोलता येत न्हाई. त्याच्या आधी ती फोनात लई बोलून ठेवायची. नांदेडाकडून आम्ही दोघी हैदराबादेत आलो, इमारतींवर पाट्या वाहिल्या, तिचं पहिलं लेकरू कामावरच वाळूच्या ढिगाजवळ तापानं गेलं, ते समदं. झालं ते झालं, त्याला मी रडत न्हाई. पन तिचा आवाज आता तेवढाच उरलाय.

लेकानं ते कंपुटरात घातलं, जुन्या प्रती सांभाळनाऱ्या एका प्रोग्रामात. फायलींची नावं मी सांगितली, 'वाळूचा ढीग', 'काचीगुड्याची खोली', अशी. त्यानं मराठीतच लिवली. म्हनला, "आई, ह्यात जुनं कायबी हरवत न्हाई. केलेला हरेक बदल ते लिहून ठेवतं." मोठी बढाई.

मंग त्यानं साफसफाईचा हुकूम लिवला. ठेवायच्या फायलींची जी यादी मशीन देतं, तीत ज्याचं नाव न्हाई, ते कचरा समजून पुसायचं. आता यादीत मराठी नावं आली ती कशी, तर अक्षरांच्या जागी निस्त्या तिरक्या रेघा आनि आकडे. नावाला नाव जुळंना. बहिनीचं समदं पुसलं गेलं. इंग्रजी नावाची लाईटबिलं तेवढी जागच्या जागी.

"यादी वाचलीस का पुसायच्या आधी?" मी इचारलं.

"एवढी यादी कोन वाचतं, आई. मशीनच करतं."

"हौ. मशीन आंधळं, आनि तू त्याचा हात धरून चाललास."

बहीन त्याच्याकडं बघत व्हती. तो तिच्याकडं बघंना.

सून म्हनली, "आई, जुनी प्रत आत आहे, परत काढता येईल. पण आता नावं इंग्रजीत ठेवू या. एक, दोन, तीन. परत हा घोळ नको."

"उद्या मशीनला तुझ्या पोरीचं नाव जमलं न्हाई, तर तिलाबी एक म्हनून हाक मारशील?"

तिनं लेकाला जुनी प्रत काढाय लावली.

त्यानं शोधलं, काढलं. म्हनला, एक सेटिंग बंद करायची राहिली व्हती, ती केली की नावं सरळ दिसतात. एक सेटिंग. एवढं शिकून ह्यांची अक्कल तिथंच अडकून बसली व्हती, आनि आमाला अडानी म्हनतात.

पहिलं जे लागलं, त्यात बहीन मुकादमाला शिव्या देत व्हती. खाटंवर तिचं अर्धं तोंड हललं. हसली ती. लेकानं मंग समदं एकेक लावून बघितलं, तवर मी त्याला जेवाय उठू दिलं न्हाई.

तुमच्या घरी कुना म्हाताऱ्याचं बोलनं ठेवलेलं असंल, तर पुसायच्या आधी उघडा आनि ऐका. मशीनला इचारू नका.