शोकाचा रिकामा रकाना

…तर ती मिठाची पुडी हिसानोच्या काळ्या कोटाच्या खिशातून निघाली, इथवर आपण काल आलो होतो. वर्षअखेरची झाडलोट चाललेली, एकोणतीस डिसेंबर. अंत्यविधीहून परतताना अंगावर टाकायची पुडी ती! हिसानो मटकन खालीच बसली.

सुवाच्या तळ्याकाठच्या एका मिसोच्या (सुपात घालायचा आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा तो) दुकानात ही बाई एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना पत्रं लिहीत आली. आधी हातानं, मग संगणकावर. पण तिचं एकही पत्र छापील वाटायचं नाही. मजकूर एकच, त्यात तिनं अटी पेरलेल्या. गिऱ्हाईक गडद मिसो घेत असेल तर गडदचं वाक्य, नाहीतर फिक्याचं. घरात यजमान असतील तर त्यांच्या नावानं चार शब्द, नसतील तर ती ओळच गायब. आणि सगळ्यात मोठी अट शोकाची. गिऱ्हाइकांच्या यादीत तिचा वेगळा रकाना, त्यात खूण असेल, तर नववर्षाचं अभिनंदन गळायचं, त्या जागी ‘थंडीत प्रकृतीला जपा’ यायचं. ती पत्रं बाजूला काढून जानेवारीत टाकायची. सुतकाच्या घरी अभिनंदन धाडणं म्हणजे तोंडात मारल्यासारखंच की!

खूण ती कधी करायची? ‘आमच्याकडे सुतक, यंदा अभिनंदन नको’ असं कळवणारं त्या घरचं शोकपत्र आलं की. नोव्हेंबरात येतात ती. पण ओकुयामा काकूंचे यजमान तोकुजी गेले सहा डिसेंबरला. तेव्हा कसलं शोकपत्र? रकाना रिकामा. हिसानो स्वतः अंत्यविधीला काकूंच्या मांडीला मांडी लावून रडून आली, मिठाची ती पुडी तिथलीच, आणि अठरा तारखेला बसून सहाशे पत्रं छापली. वीस तारखेला टपालात.

“परत मिळेल का हो एक?” तिनं टपाल कचेरीत विचारलं.

“गठ्ठे लागले, बाई. एक तारखेच्या सकाळीच सुटायचे.”

तीन दिवस तिला अन्न गोड लागेना. वर्षाच्या शेवटी लांब शेवया खातात आमच्याकडे. तिच्या वाडग्यातच फुगून बसल्या. एकतीस वर्षांत मिळवलेलं नाव राहो बाजूला, काकू पुन्हा तोंड बघतील का, हाच घोर. पत्रातली ओळ तर तोंडपाठ होती: ‘तोकुजी-सानना गडद मिसो आवडतो, यंदाही पोटभर सूप प्यायला द्या.’

एक तारखेला उजाडताच बर्फ तुडवत ती काकूंच्या दारी. टपालवाल्याआधी पोचायचं होतं. पण गल्लीच्या तोंडाशीच त्याची लाल गाडी परतताना दिसली. 

काकूंनी दार उघडलं. पत्र हातातच.

“ये आत. बर्फात काय पुतळा होणारेस?”

“काकू, मला…”

“थांब.” काकू आत गेल्या, पत्र नवऱ्याच्या फोटोपुढे उभं केलं, गडद मिसोच्या सुपाची वाटी शेजारी सरकवली. “नाव त्यांचं आहे, वाचू दे त्यांना. गेल्या महिन्यापासून जो तो त्यांचं नाव गिळूनच बोलतोय.” मग डोळे पुसून फणकारल्या, “पण तू गं? माझ्या शेजारी बसून माझ्याहून मोठ्यानं रडलीस. तुला ठाऊक नव्हतं होय, ते गेले म्हणून?”

हिसानो मान खाली घालून म्हणाली, “ठाऊक होतं हो काकू, पण तुमचं शोकपत्र आलंच नव्हतं ना!”